मागे घेतलेला शब्द

हौसाची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा हिरामण साडेतीन महिन्यांचा होता. अंबरनाथच्या बिस्किट कंपनीत ती पॅकिंगला होती, आणि आणखी आठवडाभर जरी घरी राहिली असती तरी तिच्या जागेवर दुसरी बाई बसली असती. सासूचे गुडघे धरलेले. तेव्हा पोर कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न शिरगावच्या त्या घरात कुणी मोठ्याने विचारलाच नाही. सकाळी साडेसहाला हौसाने हिरामणला पाजलं, पदर सावरला आणि त्याला थोरल्या जावेच्या हातात दिलं.

"वयनी, बघा हां," एवढंच म्हणाली.

विठाच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. कूस उजवली नव्हती. घरात त्यावरून कुणी तिला घालून पाडून बोलत नव्हतं, नवरा रघुही चांगला होता. पण हिरामणच्या बारशाला पाळण्याभोवती बायका उभ्या राहिल्या तेव्हा सासूने तिला आत चहा टाकायला पाठवलं होतं, आणि विठा गेली होती. आता तेच पोर दिवसाचे बारा तास तिच्या मांडीवर होतं.

तिने त्याला जीव लावला म्हणणं कमी पडेल. ती त्याच्यामागे लागली. पाचव्या महिन्यात दुपारी पडवीत गोधडी अंथरून ती त्याला पालथा घाली आणि स्वतः समोर पोटावर पडून त्याच्या तोंडासमोर रंगीत बांगडी नाचवी. तो मान उचलून, हुंकार देत, हात टाकी. बांगडी एक वीत पुढे सरके. सासू गयाबाई खाटेवरून हसे, "अगं, तू पोराला शिकवतेस का पोर तुला?" सहावा लागला तेव्हा विठाने जुन्या लुगड्यांचं जाड कडं वळलं आणि त्यात त्याला बसवलं. आधी तो कलंडायचा, मग एक हात टेकून सावरायला लागला. वाटी दिली की ती या हातातून त्या हातात घ्यायचा, तोंडात घालायचा, जमिनीवर आपटायचा. विठाचं तोंड दिसलं की सगळ्या अंगाने हसायचा. ती पदराआड लपून बाहेर आली की खिदळून खिदळून त्याला उचकी लागायची.

हे सगळं बघून कुणीही म्हणालं असतं की पोर चलाख आहे. आणि होताच तो चलाख.

एका दुपारी विठा मोरीत भांडी घासत होती. हिरामण तिच्याकडे पाठ करून, लुगड्याच्या कड्यात बसून बांगडी चघळत होता. ओल्या हातातून पितळी परात निसटली आणि मोरीच्या दगडावर अशी आदळली की खाटेवर डुलकी घेणारी गयाबाई "काय फुटलं गं?" म्हणून उठून बसली. बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. हिरामण बांगडी चघळत राहिला.

विठा तशीच ओल्या हाताने उभी राहिली. "हिरू," तिने हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग टाळी वाजवली. पोराने मान वळवली नाही. ती चालत पुढे आली, तिची सावली गोधडीवर पडली, आणि तो लगेच वर बघून हसला.

त्या दिवशी तिने स्वतःची समजूत घातली. खेळात गुंगला असेल. पण मग तिला चैन पडेना. ती त्याच्या मागे बसून खुळखुळा वाजवी. कधी त्याला कळल्यासारखं वाटे, कधी नाही. चार दिवसांनी शिमगा आला. पहिल्या शिमग्याचं पोर म्हणून धर्मराज, हिरामणचा बाप, त्याला खांद्याला धरून होळीभोवती फिरला. पोरांनी मागून लवंगी फटाक्यांची माळ लावली. शेजारची दोन तान्ही किंचाळून निळी पडली. हिरामण बापाच्या खांद्यावरून जाळाकडे टक लावून बघत होता, त्याच्या डोळ्याची पापणीही लवली नाही.

"वाघ हाय वाघ!" लोक म्हणाले. धर्मराजची छाती फुगली. विठा मात्र हिरामणच्या डोळ्यांकडेच बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या व्हरांड्यात नर्सबाई डोस द्यायला आल्या. विठाच हिरामणला घेऊन गेली. नर्सबाईंनी वजन केलं, त्याला टेबलावर बसवून बघितलं, समोर धरलेला चमचा त्याने पटकन ओढून घेतला तेव्हा हसल्या. "छान आहे हो. कोण करतं याचं?"

"मी," विठा म्हणाली. मग इकडे तिकडे बघून हळूच बोलली, "बाई, ह्याला ऐकू येतं का बघा ना."

नर्सबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही समोर बसा. पण तोंडावर काही दाखवू नका, हलू नका. तुमच्या डोळ्यांवरून त्याला कळेल." त्या मागे गेल्या आणि चमच्याने वाटीवर ठण्ण वाजवलं, आधी डाव्या कानामागे, मग उजव्या. रांगेतल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. हिरामण विठाच्या मंगळसूत्राकडे बघत होता.

नर्सबाईंनी एक चिठ्ठी लिहिली, मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी. "घाबरू नका, पण टाळू पण नका. तिथे मशीनवर तपासतील. सहा महिन्यांचं पोर म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. कानाला मशीन लावलं आणि समोर बसून सारखं बोलत राहिलात तर हा बोलायला शिकेल. पण तीन-चार वर्षांनी न्याल तर फार कठीण. कळलं ना? आईला सांगा."

विठाला कळलं होतं. शब्द न् शब्द कळला होता.

संध्याकाळी हौसा दमून आली, तिने पोराला पदराखाली घेतलं, आणि विठाने चिठ्ठी पुढे केली. काय बोलायचं ते तिने दिवसभर घोकलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं, "हौसे, ह्याच्या कानात कायतरी दोष हाय. नर्सबाईंनी बघितलं. मुंबईला न्यायला सांगितलंय."

हौसाचा चेहरा आधी कोरा झाला. मग तिने पोराला छातीशी आवळलं. "तुम्ही नर्सला जाऊन सांगितलंत? मला न विचारता?"

"अगं, आधी खात्री..."

"माझ्या पोराला बहिरा म्हणता?"

गयाबाई कुठे होती कोण जाणे, धडपडत आत आली. "काय म्हणाली? काय म्हणाली ही?" धर्मराज उल्हासनगरच्या एका सिंधी शेटच्या फर्निचरच्या दुकानात पॉलिशचं काम करायचा, तोही तेवढ्यात आला. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "यात काय येवढं? आताच टेस्ट घेऊ." त्याने हिरामणला जमिनीवर बसवलं, मागे गेला आणि घराचं जाड सागवानी दार दाणकन आपटलं.

चौकट हादरली, भुई हादरली, आणि हिरामणने गर्रकन मान वळवून दाराकडे बघितलं.

"हे घ्या! बहिरा म्हणे!" धर्मराज हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. गयाबाईने कडाकडा बोटं मोडून पोराची दृष्ट काढली.

"भुई हादरली म्हणून वळला तो," विठा म्हणाली. "मी बघितलंय ना. पाय आपटला तरी वळतो. तुम्ही नुसती हाक मारा..."

"बस!" गयाबाई ओरडली. "बारा वर्षं तोंड मिटून सोसलं आम्ही. स्वतःची कूस नाय, तर दुसरीच्या चांगल्या पोरात खोट बघतेस? उद्यापासून ह्याला हात लावायचा नाय."

रघु दुसऱ्या पाळीहून आला तेव्हा विठा भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. "तू सांगितलंस ना? मग झालं. पोर त्यांचं, ते बघतील," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला. रघुचं सगळं असंच होतं. तो कुणाचं वाईट करत नसे आणि कुणासाठी भांडतही नसे.

दुसऱ्या दिवशी हौसाची आई, कौसाबाई, वांगणीहून आली. आता पोर तिच्याकडे. कौसाबाई वाईट नव्हती, पण म्हातारी होती आणि तिची आपली पद्धत होती. ती हिरामणला दिवसभर झोळीत घाली आणि दोरी ओढत बसे. त्याला बसायची, सरकायची, हात मारायची सवय झालेली. तो झोळीत हातपाय झाडून रडे. विठा मोरीत भांडी घाशी. एकदा तो झोळीच्या कडेवरून तिला दिसला, त्याने दोन्ही हात पसरले आणि सगळ्या अंगाने हसला. विठा उठून मागच्या परसात गेली आणि गवताच्या गंजीआड तोंडात पदर कोंबून रडली.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी हिरामणचं उष्टावण होतं.

मामा आला होता. पाटावर त्याच्या मांडीवर हिरामणला बसवलं, चांदीच्या वाटीत मऊ भात आणि खीर. मामाने पहिला घास दिला. पोराने तो जिभेने बाहेर ढकलला, सगळे हसले. दुसरा दिला, तोही ढकलला. मग गयाबाईने, मग कौसाबाईने. तो तोंड फिरवून रडायलाच लागला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात विठा उभी होती. तिला दिसताच तो रडायचा थांबला आणि तिच्याकडे झेपावायला लागला.

हौसाला कंपनीतून सुट्टी मिळणार नव्हती, कौसाबाईला वांगणीला परत जायचं होतं, आणि पोर तर स्पष्टच सांगत होतं.

हौसाच म्हणाली. तिचा आवाज कडक नव्हता, उलट रडवेला होता. "वयनी, मला तुमच्याशिवाय कोण हाय? तुम्हीच भरवा त्याला. फक्त एकदा म्हणा, तुमचं चुकलं होतं. पोर चांगलंय म्हणा. देवासमोर म्हणा, म्हणजे माझ्या मनातलं जाईल."

देव्हाऱ्यात समई पेटली होती. सगळे बघत होते. विठाने हिरामणकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात तिच्याकडे होते.

तिला आठवत होतं नर्सबाई काय म्हणाल्या ते. तिने त्या क्षणी ते मनात बाजूला सारलं, हेही तिला ठाऊक होतं. नंतर ती स्वतःलाच पुष्कळदा सांगे की आधी पोर हातात येऊ दे, मग हळूहळू समजावू, असा आपला विचार होता. पण खरं तर तेव्हा तिच्या मनात काही विचार नव्हता. तिला ते पोर हवं होतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "नर्सबाईंना पण नीट कळलं नसेल. पोर चांगलंय."

"चिठ्ठी?" गयाबाई म्हणाली.

हौसाने त्या संध्याकाळी हातात न घेतलेली, तेव्हापासून देव्हाऱ्यामागे खोचलेली चिठ्ठी विठाने काढली आणि चुलीत घातली. मग पाटावर बसली, हिरामणला मांडीवर घेतलं, भात बोटाने मऊ केला, स्वतः तोंड उघडून दाखवलं. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, आपलं तोंड उघडलं आणि घास गिळला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या बाईला बारशाला चहा टाकायला पाठवलं होतं, तिला त्या दिवशी हळदीकुंकू पहिलं लागलं.

पुढच्या तीन वर्षांत जगातल्या कुठल्याही आईने केलं नसतं इतकं विठाने केलं. आणि तेच नडलं.

सातव्या महिन्यात हिरामण बा-बा, मा-मा असं काहीतरी करत होता. आठव्यात ते कमी झालं. दहाव्यापर्यंत सुकून गेलं. नुसते हुंकार आणि किंचाळ्या राहिल्या. विठाला ते दिसलं. ती त्याच्या समोर बसून तोंड मोठं करून बोले, त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवी, त्याच्या हाताला थरथर लागली की तो हसे. काम असलं की ती पाय आपटून त्याला वळवायची. हाताने जेवण, हाताने झोप, हाताने बाबा आला. बाप दारात आला की ती आधी हिरामणच्या खांद्याला बोट लावी, तो वळे, धावत जाई. धर्मराज म्हणे, "बघा, माझी चाहूल लागली की पळत येतो!" हौसाने हाक मारली की विठा डोळ्यांनी खूण करी आणि पोर आईकडे जाई. इतकं सफाईने की हळूहळू विठालाही कळेनासं झालं, आपण पोराला शिकवतोय की झाकतोय.

तो बोलत का नाही, असं कुणी विचारलं की गयाबाई म्हणायची, "धर्मराज पण चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता. मुलगे उशिराच बोलतात." आणि विठाकडे बघायची. विठा मान हलवायची.

अनेकदा शब्द तिच्या ओठांवर यायचा. हौसा कंपनीतून येऊन पोराचे पापे घ्यायची, थकलेली, खुशीत. आता सांगावं, असं विठाला वाटे. मग ती झोळी आणि ते अकरा दिवस आठवत. उद्या सांगू, असं म्हणून ती भात टाकायला उठे.

एकोणनव्वद साली शिरगावात तिसरी बिल्डिंग उठायला लागली. विटांचे ट्रक सारखे यायचे. एका रविवारी धर्मराज घराबाहेर शेजाऱ्याशी बोलत उभा होता आणि हिरामण रस्त्याच्या मधोमध बसून मातीत बोटाने रेघा मारत होता. ट्रक मागे येत होता. क्लीनर ओरडला, ड्रायव्हरने हॉर्नवर हात दाबून धरला. पोर वर बघेना. धर्मराजने धाव घेऊन त्याला हाताला धरून खेचला तेव्हा चाक हातभर अंतरावर होतं.

ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकला. "बहरा है क्या तेरा बच्चा?"

शिवी दिल्यासारखंच म्हणाला तो. ट्रक निघून गेला. धर्मराज पोराला धरून रस्त्यातच उभा राहिला. मग त्याने हिरामणला जमिनीवर ठेवलं, त्याच्यामागे गेला, आणि या वेळी दार आपटलं नाही. नुसती हाक मारली. पुन्हा मारली. दहा-बारा वेळा मारली. शेजारी मान खाली घालून आत गेला.

मुंबईच्या इस्पितळात हौसा, धर्मराज आणि विठा तिघं गेली, कारण हिरामण विठाशिवाय कुठे जात नव्हता. दोन खेपा झाल्या. शेवटी डॉक्टरबाईंनी कागद पुढे ठेवला. दोन्ही कान, जन्मापासून. मशीन लावू, पण बोलणं कितपत येईल सांगता येत नाही.

"घरी याच्याबरोबर कोण असतं?" त्यांनी विचारलं. हौसाने विठाकडे बोट केलं. डॉक्टरबाई विठाकडे वळल्या, खूप कौतुकाने. "फार हुशारीने वाढवलंय तुम्ही. किती खुणा शिकवल्यात! म्हणूनच घरच्यांच्या लक्षात आलं नसेल. फक्त सहा-सात महिन्यांचा असताना आला असतात ना, तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

गाडीत बसल्यावर, हिरामण विठाच्या मांडीवर झोपला असताना, हौसा सरळ पुढे बघत म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"मी सांगितलं होतं, हौसे."

"आणि मग देवासमोर नाय म्हणालात."

"तूच म्हणायला लावलंस."

"मी आई होते. मला भीती वाटत होती. तुम्हाला कसली भीती होती?"

विठ्ठलवाडी गेलं, उल्हासनगर गेलं. अंबरनाथला हौसाने हात पुढे केले आणि झोपलेलं पोर आपल्या मांडीवर घेतलं. ते शेवटचं. त्यानंतर विठाच्या मांडीवर ते आलं नाही.

हौसाने कंपनी सोडली. कल्याणला बहिऱ्या मुलांची एक शाळा होती, तिथे ती रोज त्याला न्यायची, बाहेर बाकावर बसायची आणि घेऊन यायची. घराच्या दोन चुली झाल्या. मधल्या भिंतीला दार होतं, ते हौसाच्या बाजूने कडी लावून बंद राहू लागलं. सुरुवातीला हिरामण त्या दाराला डोकं लावून पाय आपटायचा, विठाने शिकवलं होतं तसा. विठा अलीकडे बसून असायची. भुईतून तो धक्का तिला जाणवायचा. तिने कधी उलट पाय आपटला नाही. हौसाने ऐकलं असतं. महिन्याभराने तो थांबला.

घरात या गोष्टीवर कुणी कुणाला मोठ्याने दोष दिला नाही, तसं भांडणही झालं नाही. गयाबाई मात्र मरेपर्यंत शेजारणींना सांगत राहिली, की चांगलं पोर होतं, हिने बहिरा म्हटलं आणि झालं.

हिरामण नऊ वर्षांचा झाला. मशीनने त्याला ट्रकचा हॉर्न ऐकू यायला लागला, शब्द नाही. दहा-पंधरा शब्द त्याला बोलता येत, ते हौसालाच समजत. शाळेत तो हातांनी भराभरा बोलायला शिकला, ते हौसाला अर्धं समजे आणि विठाला अजिबात नाही.

गयाबाईच्या तेराव्याला दोन्ही घरं पुन्हा एका चुलीवर आली. परसात हौसा आणि विठा समोरासमोर बसून बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होत्या. पाच वर्षांत त्या दोघी अशा बसल्या नव्हत्या. हिरामण पलीकडे पाहुण्यांच्या पोरांत होता. ती पोरं ओरडत पळत होती, आणि तो त्यांच्या तोंडाकडे बघत मागून पळत होता, दर वेळी एक पाऊल उशिरा.

हौसा त्याच्याकडे बघत म्हणाली, "आणखी एकदा बोलला असतात ना वयनी. एकदाच. मी ऐकलं असतं."

विठाचे हात थांबले. खोटं बोलणं सोपं होतं, आणि हौसाला कदाचित तेच हवं होतं.

"ऐकलं असतंस," ती म्हणाली, "आणि त्याला माझ्याकडून नेलं असतंस. म्हणून नाय बोलले."

हौसाने मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग येईल असं विठाला वाटलं होतं, तिने त्यासाठी तयारीही केली होती. पण हौसाने नुसती मान हलवली, ठाऊक असलेली गोष्ट कुणी पुन्हा सांगितल्यावर हलवतात तशी. मग सोललेल्या वालांचं पातेलं उचलून ती आत गेली. विठा सालं गोळा करत बसून राहिली.